खंदकापासून घाटापर्यंत

महाराष्ट्रातून कलकत्त्यास जाणारा प्रवासी सहसा हावड्यास उतरतो आणि पूल ओलांडून नगरात शिरतो. सियालदह हे त्याच्या वाटेवरचे स्टेशन नव्हेच. दार्जिलिंगकडून परतणारा एखादाच, तिकडची मेलगाडी तेथे संपते म्हणून, सकाळच्या वेळी त्या गर्दीत येऊन पडतो आणि हमाल, भाजीच्या टोपल्या व लोकलचे उतारू यांच्या लोंढ्याबरोबर बाहेरच्या हमरस्त्यावर ढकलला जातो. मीही असाच तेथे पोचलो. बेत होता तो हुगळीच्या काठावरील उद्यानात, तेथील घाटांवर आणि संग्रहालयांत एक दिवस स्वस्थपणे घालवण्याचा. परंतु स्टेशनाबाहेर मातीच्या भांड्यात चहा घेता घेता ध्यानात आले, की ज्या रस्त्याच्या कडेला आपण उभे आहोत तो रस्ता म्हणजे आपल्याच मुलखातल्या घोडेस्वारांच्या धास्तीने खणलेला आणि पुढे बुजवलेला खंदक होय, आणि नदीकाठची खरी हकीकत सुरू होते ती नदीवर नव्हे, तर येथूनच.

सन 1742 मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर फौज घेऊन बंगालच्या सुभ्यात उतरले. निमित्त चौथाईचे होते. सुभेदार अलीवर्दीखान ती देण्यास राजी नव्हता. मीर हबीब नावाचा एक असंतुष्ट मुत्सद्दी मराठ्यांना येऊन मिळाला आणि त्याच्या मसलतीने मुर्शिदाबादेत शिरून जगत् शेटांची पेढी लुटली गेली, हुगळी बंदर हाती आले, गंगेच्या पश्चिमेचा बराच मुलूख मराठ्यांच्या अमलाखाली गेला. आपल्याकडे ‘बारगीर’ म्हणजे सरकारी घोडा व हत्यार घेऊन चाकरी करणारा स्वार, स्वतःचे घोडे बाळगणाऱ्या शिलेदाराहून कमी मानाचा; बंगाल्यात त्याच शब्दाचा ‘बर्गी’ झाला आणि आजही तिकडच्या आया मुलांना निजवताना त्याचे नाव घेतात. गंगाराम नावाच्या समकालीन कवीने ‘महाराष्ट्र पुराण’ रचून त्या स्वाऱ्यांत रयतेची कशी दैना झाली ते लिहून ठेवले आहे. तो वृत्तांत वाचताना मराठी वाचकाची मान ताठ राहत नाही, आणि राहू नये. शाळेत अटकेपार लागलेल्या झेंड्यांविषयी आपण जितके पाठ केले, त्याच्या दशांशानेही या बाजूचे आपल्याला कोणी सांगितले नाही.

कलकत्ता तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीची एक भरभराटीची वखार होती. पश्चिम तीरावरून पळून आलेल्या लोकांनी वस्ती फुगली होती आणि प्रत्येक आगंतुक एक नवी भयकथा घेऊन येत होता. नदी पश्चिमेस असल्याने ती बाजू जहाजांच्या तोफांनी राखता येण्याजोगी होती. भय होते ते वरच्या अंगाला नदी ओलांडून पूर्वेच्या मोकळ्या रानातून येणाऱ्या स्वारांचे. म्हणून नगरातील देशी रहिवाशांनी अर्ज केला, की आमच्या खर्चाने वस्तीभोवती खंदक खणू द्यावा. कंपनीच्या कौन्सिलने पंचवीस हजार रुपये कर्जाऊ दिले आणि उत्तरेस बागबाजारापासून कुदळी पडू लागल्या. सात मैलांचा संकल्प होता. सहा महिन्यांत सुमारे तीन मैल काम झाले, आणि मराठे काही येत नाहीत असे दिसताच ते तसेच राहिले. 1744 मध्ये अलीवर्दीने तहाच्या बोलण्यासाठी म्हणून भास्करपंतांना आपल्या तंबूत बोलावून दगलबाजीने मारले. पुढे 1751 च्या तहात वर्षाला बारा लक्ष रुपये चौथाईचे ठरले आणि ओढिया प्रांत नागपूरकरांकडे आला. कलकत्त्याच्या खंदकापर्यंत मात्र मराठी घोडा कधीच आला नाही.

ज्या शत्रूसाठी खंदक खणला तो आला नाही, आणि जो आला त्याला खंदकाने अडवले नाही. 1756 मध्ये अलीवर्दीचा नातू व नवा नबाब सिराजउद्दौला याची फौज खणायच्या राहिलेल्या बाजूने सुखाने आत शिरली. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत, दाट धुक्यात, कंपनीचा सेनानी क्लाइव्ह याने याच परिसरातील नबाबाच्या छावणीवर चाल केली. आणि प्लासीच्या लढाईपूर्वी नबाबाचा सेनापती मीर जाफर याने जो करारनामा लिहून दिला त्यात खंदकाच्या आतील जमीन तर कंपनीस दिलीच, शिवाय खंदकाबाहेर सहाशे यार्डांपर्यंतची दिली. 1794 मध्ये नगराची हद्द कायदेशीर रीतीने ठरवली गेली तीही याच रेषेने. म्हणजे जो खळगा लष्करी दृष्ट्या कवडीमोल ठरला, तोच दिवाणी दफ्तरात अमोल ठरला! 1799 पासून तो बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला, उरलेला भाग 1892–93 मध्ये भरला गेला. आता त्या रस्त्याची नावे आचार्य प्रफुल्लचंद्र आणि आचार्य जगदीशचंद्र या दोन शास्त्रज्ञांवरून आहेत. बागबाजारात ‘मराठा डिच लेन’ ही पाटी अद्याप वाचावयास मिळते. कलकत्त्याच्या इंग्रजांना इतर ठिकाणचे इंग्रज थट्टेने ‘डिचर’, म्हणजे खंदकवाले, म्हणत. ते नाव आपण दिले असे म्हणावयास हरकत नाही.

सियालदह या नावात कोल्हा दडला आहे असे लोक सांगतात, आणि पूर्वी येथे दलदल व झुडपे होती हे पाहता ते संभवनीय वाटते. त्या दलदलीतून एक उंचवट्याची वाट नगराकडे येई. वाटेच्या तोंडाशी वडाचे विशाल झाड होते, ज्याखाली पूर्वेकडून येणारे व्यापारी बैठक मारीत. कलकत्त्याचा संस्थापक मानला जाणारा खुद्द जॉब चार्नॉक तेथे हुक्का ओढीत सौदे करी अशी आख्यायिका आहे. झाड गेले, बैठकखाना हे नाव बाजाराला राहिले. त्या बाजारातल्या गल्लीत आज कागदाची रिमे आणि लग्नपत्रिकांचे नमुने यांचे ढीग दुकानांतून पायरीवर उतरलेले दिसतात. पत्रिकेवरचे पिवळे फुलपाखरू हा बंगाली विवाहाचा शकुन एकदा ओळखीचा झाला, की प्रत्येक ढिगाऱ्यात तो दिसू लागतो.

आगगाडी येथे 1862 साली आली. प्रथम पत्र्याची शेड होती. 1869 मध्ये वॉल्टर ग्रॅनव्हिल याच्या आराखड्याने पक्की इमारत उठली. या ग्रॅनव्हिलची नोंद वाचकाने घ्यावी, कारण कलकत्त्याचे पोस्ट ऑफिस, हायकोर्ट आणि बंगाली माणूस ज्याला ‘जादूघर’ म्हणतो ते चौरंगीवरचे संग्रहालय, या तिन्ही वास्तू त्याच्याच. फाळणीनंतर याच स्टेशनाच्या फलाटांवर पूर्व बंगालातून आलेली निर्वासित कुटुंबे महिनोन्महिने राहिली. बाहेरच्या भयाने जेथे खंदक खणला गेला, तेथेच दोन शतकांनी घर हरवलेल्यांची दाटी झाली.

येथून नदीकडे जाण्याचा मार्ग सरळ पश्चिमेचा: बहूबाजार, लाल दिघीचे तळे, मग नदीकाठचा स्ट्रँड. हा मार्ग मी मुद्दाम पायी घेतला, कारण हिंदुस्थानातील पहिली ट्राम 24 फेब्रुवारी 1873 रोजी याच वाटेने, सियालदहपासून आर्मेनियन घाटापर्यंत, घोड्यांनी ओढीत नेली. अंतर जेमतेम अडीच मैल. पूर्व बंगालातून रेल्वेने येणारा माल बंदरावर पोचवावा हा तिचा मूळ हेतू. उतारू फारसे मिळाले नाहीत आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ती बंदही पडली. सात वर्षांनी, 1880 च्या नोव्हेंबरात, लॉर्ड रिपनच्या हस्ते पुन्हा त्याच दोन टोकांमध्ये ती सुरू झाली, आणि तेव्हा टिकली. आज त्या वाटेच्या पोटातून मेट्रो धावते आणि हुगळीच्या तळाखालून हावड्यास निघते. साधने बदलली, पण कलकत्त्याची ओढ खंदकाकडून पाण्याकडे जाण्याची, ती तीच राहिली.

पाण्याच्या काठी फिरावयास जाणे ही गोष्ट मात्र आपल्याला वाटते तितकी जुनी नाही. घाट पुरातन, स्नान, तर्पण, प्रेतसंस्कार आणि होडीची चढउतार यांसाठी. कारणाशिवाय, निव्वळ वाऱ्यासाठी नदीवर जाण्याची रीत साहेबांनी आणली. फोर्ट विल्यम किल्ल्याखाली त्यांची ‘रिस्पाँडेन्शिया वॉक’ नावाची फिरण्याची जागा होती. 1817 मध्ये लॉटरी कमिटी नेमली गेली, आणि सोडतीच्या तिकिटांतून उभ्या राहिलेल्या पैशाने नगरातील रस्ते, तळी व नदीकाठचा स्ट्रँड रोड झाला. जुगाराच्या पैशाचा इतका देखणा विनियोग क्वचितच झाला असेल. गव्हर्नर-जनरल लॉर्ड ऑकलंडच्या एमिली व फॅनी या भगिनींच्या कुलनामावरून ईडन गार्डन हे नाव आले. दुसऱ्या ब्रह्मी युद्धानंतर प्रोमहून एक लाकडी पॅगोडा सुटा करून आणला व या बागेत पुन्हा जोडला. संध्याकाळी बँड वाजे, बग्ग्या ओळीने उभ्या राहत. आज ईडन गार्डन म्हटले की क्रिकेटखेरीज काही आठवत नाही. त्या पॅगोड्यापाशी मी गेलो तेव्हा तेथे दोन माळी आणि एक मांजर एवढेच होते.

मग व्यापाराने नदी गिळली. 1870 मध्ये पोर्ट कमिशनरांची स्थापना झाली, आणि काठाने धक्के, गुदामे, रूळ व कुंपणे यांची अशी तटबंदी उभी राहिली, की नदीपासून शंभर पावलांवर राहणाऱ्या माणसास तिचे पाणी दिसेनासे झाले. मराठ्यांसाठी पूर्वेस केलेला तट अर्धवट राहिला. तागाच्या गासड्यांनी पश्चिमेचा पुरा केला. पुढे नदीत साचणाऱ्या गाळाने आणि हल्दियाच्या नव्या गोदीने जुन्या धक्क्यांचे काम कमी होत गेले, तेव्हा नदी हळूहळू सुटू लागली. 1984 मध्ये बंदराच्या रुळांच्या वाटेने चक्ररेल्वे सुरू झाली. 1999 च्या डिसेंबरात स्ट्रँड रोडवर फेअर्ली घाटाजवळ मिलेनियम पार्क उघडले, आणि 2012 मध्ये प्रिन्सेप घाटापासून बाबूघाटापर्यंत सुमारे दोन किलोमीटरचा काठ बांधून, दिवे लावून लोकांच्या स्वाधीन झाला.

लोकांनी तो खरोखरच स्वाधीन करून घेतला आहे. बाबूघाटावर, जो 1830 मध्ये राणी रासमणींचे पती बाबू राजचंद्र दास यांच्या खर्चाने बांधला गेला, ग्रीक धाटणीच्या खांबांखाली तेलमालिश चालते, छत्रीखाली बसलेले ओढिया भटजी संकल्प सांगतात, आणि चार पावलांवर झालमुडीवाला पत्र्याच्या डब्यात मुरमुरे, कच्चे मोहरीचे तेल व मिरची खडखडवून कागदाच्या शंकूत ओततो, वर खोबऱ्याचा एक पातळ काप खोचतो. हेअर स्ट्रीटच्या कोपऱ्यावर मेटकाफ हॉल आहे, तीस खांबांचा; एके काळी तेथे इंपीरियल लायब्ररी होती, आता पुरातत्त्व खात्याने कलकत्त्याच्या जीवनावरील प्रदर्शन मांडले आहे. मिलेनियम पार्कातील पाळणे व खेळणी मला रंगाने भडक वाटली. पण तेथे बसलेल्या कुटुंबांना तसे वाटत नव्हते, आणि उद्यान त्यांच्यासाठी आहे.

दक्षिणेच्या टोकास प्रिन्सेप घाट. टांकसाळीत धातू पारखणाऱ्या ज्या जेम्स प्रिन्सेपने 1837 मध्ये ब्राह्मी लिपीचा उलगडा केला, ज्याच्यामुळे आपल्या कार्ले-नाशिकच्या लेण्यांतील अक्षरे पुढे बोलू लागली, त्याचे हे स्मारक 1843 चे. नदी मागे सरली असल्याने घाट आता जमिनीवर उभा आहे, आणि त्याच्या व पाण्याच्या मधून चक्ररेल्वे जाते.

याच काठावर, किल्ल्याच्या बाजूस, एक अष्टकोनी घुमटी आहे. कलकत्तेकर तिला मिरपुडीच्या डबीवरून ‘पेपर पॉट’ म्हणत. खरे नाव ग्वाल्हेर मॉन्युमेंट. जनकोजीराव शिंदे वारल्यानंतर दत्तकाचा व कारभाराचा जो कज्जा ग्वाल्हेर दरबारी माजला, त्याचे निमित्त करून गव्हर्नर-जनरल लॉर्ड एलेनबरोने फौज धाडली, आणि 29 डिसेंबर 1843 या एकाच दिवशी महाराजपूर व पनियार येथे शिंद्यांचे सैन्य पराभूत झाले. त्या लढायांत पडलेल्या कंपनीच्या लोकांसाठी हे स्मारक 1847 मध्ये झाले. वरचा घुमट ब्राँझचा आहे, आणि ते ब्राँझ शिंद्यांकडून जिंकलेल्या तोफा वितळवून घेतलेले. ज्यांच्या येण्याच्या भयाने नगराच्या एका टोकाला खंदक खणला, त्यांच्या तोफा शंभर वर्षांनी दुसऱ्या टोकाला अशा येऊन पोचल्या.

घुमटीच्या सावलीत दोघे कॉलेजातले विद्यार्थी शेंगदाणे खात बसले होते. ही वास्तू कशाची, असे मी विचारले; एकाने नम्रपणे सांगितले, “दादा, साहेबांच्या काळचे काहीतरी असेल.” मराठी वाचक कधी त्या बाजूस गेला तर त्याने हावड्याऐवजी सियालदहपासून निघावे, बहूबाजाराने पायी यावे, आणि दिवस मावळण्यापूर्वी या घुमटीपाशी पोचावे, कारण काळोख पडला की वरचे ब्राँझ दिसत नाही.