टू-इन-वनचं पोट उघडण्याआधी

इंग्रजीत त्याला ‘बूमबॉक्स’ म्हणतात. जपानीत ‘राजिकासे’, म्हणजे रेडिओ आणि कॅसेट हे दोन शब्द छाटून केलेला एक. आपल्याकडे तो ‘टू-इन-वन’ झाला, आणि कोकणातल्या घरांत नुसता ‘टेप’. हल्ली असे जुने टेप माळ्यावरून खाली काढून त्यांत ब्लूटूथ बसवायची हौस अनेकांना लागली आहे. हौस चांगलीच आहे. पण स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी या पेटीचा इतिहास जरा ऐकावा. तिच्या पोटातलं काय ठेवायचं आणि काय काढायचं, ते त्यावरून ठरवलेलं बरं.

फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात छोटी कॅसेट मांडली. लू ऑटेन्स हे त्यामागचे अभियंते. तीनच वर्षांनी याच कंपनीने रेडिओ आणि कॅसेटयंत्र एका पेटीत बसवलं. रेडिओवरचं गाणं आता थेट टेप करता येऊ लागलं. मायक्रोफोन धरून घरातल्यांना ‘गप्प बसा’ म्हणायची गरज उरली नाही. सत्तरच्या दशकात जपानी कंपन्यांनी ही पेटी मोठी केली. तिला दोन स्पीकर आले, स्टीरिओ आला, वर दांडी आली. मोठ्या संचाला आठ-आठ, दहा-दहा जाडे सेल लागत, आणि तो उचलताना खांदा एका बाजूला कलत असे.

न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो तरुणांनी तो खांद्यावरच घेतला. ब्राँक्समध्ये १९७३ च्या ऑगस्टमध्ये डीजे कूल हर्कने जी पार्टी वाजवली, तिथून हिप-हॉपचा जन्म मानतात. पुढे अशा पार्ट्यांच्या कॅसेटी या पेट्यांतून गल्लोगल्ली फिरल्या. एलएल कूल जेच्या १९८५ च्या ‘रेडिओ’ या अल्बमच्या वेष्टणावर माणूस नाहीच, जेव्हीसीचा भला मोठा टेप आहे. स्पाइक ली यांच्या १९८९ च्या ‘डू द राइट थिंग’ या चित्रपटात सगळा भडका उडतो तो अशाच एका पेटीच्या आवाजावरून.

आपल्याकडे ती खांद्यावर मिरवली नाही. कपाटावर, भरतकामाच्या रुमालाखाली बसली. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, आखातात बांधकामं निघाली, आणि रत्नागिरी-रायगडच्या खाडीकाठची माणसं दुबई, कुवेत, सौदीला गेली. कुणी विमानाने, कुणी मुंबईहून आखाताला जाणाऱ्या ‘द्वारका’ जहाजाने. ते जहाज १९८२ पर्यंत चालू होतं. परतणाऱ्याच्या सामानात अत्तर, कापड आणि टू-इन-वन असायचाच. भारतातल्या कॅसेटच्या प्रसारावर पीटर मॅन्युएल या अमेरिकन अभ्यासकाचं १९९३ चं पुस्तक आहे. आखातातून परतणाऱ्या कामगारांनी आणलेल्या टू-इन-वनची नोंद त्यातही आहे.

एक गोष्ट मात्र आम्हा मोहल्ल्यात वाढलेल्यांना पुस्तकाविनाही ठाऊक होती. या यंत्राचं आमच्याकडचं खरं मोल त्याच्या लाल बटणात होतं. ते दाबलं की टेप होई. नवरा परदेशात आणि बाईला लिहिता येत नाही, अशा घरात पत्र लिहायला शेजारच्या शाळकरी मुलाला बसवत. मीही असा लेखनिक होतो. दहा-बारा वर्षांच्या पोरासमोर बाई काय सांगणार? छप्पर गळतं, पोराला ताप येऊन गेला, पैसे मिळाले, सर्व खुशाल. उरलेलं ती गिळून टाकी. टेप आला आणि त्या मुलाला सुट्टी मिळाली. दार लावून घ्यायचं, लाल बटण दाबायचं, बोलायचं. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू अर्धा तास चाले. मग ती कॅसेट आखाताला निघालेल्या कुणाच्या तरी हाती जाई, आणि काही महिन्यांनी तिकडचा आवाज इकडे येई. आपल्याकडच्या पत्रवाङ्मयाच्या इतिहासात या कॅसेटींना पान मिळायला हवं, असं मला वाटतं.

ही पेटी आमच्याकडे जशी आली तशी कधी राहिली नाही. सौदीत तेव्हा अनेक ठिकाणी १२७ व्होल्टची वीज होती. टेपच्या पाठीवरचा खटका २२० वर न नेता इथे प्लग लावला, की ट्रान्सफॉर्मरमधून धूर निघे, आणि तो नव्याने गुंडाळून देणं हे तालुक्याच्या रेडिओवाल्याचं नेहमीचं काम. दुसरी सुधारणा माठाची. सुट्या स्पीकरच्या पडद्याच्या पुढची आणि मागची लाट एकमेकींना मारतात, म्हणून खालचा, जाड आवाज हरवतो. स्पीकर माठाच्या तोंडावर पालथा बसवला की एक लाट आत कोंडली जाते आणि ढोलक भरून वाजू लागतो. खोके बनवणारे जपानी अभियंते हेच करत होते, फक्त त्यांचा माठ चौकोनी होता.

आता आजच्या दुरुस्तीकडे. सेल वर्षानुवर्षं आत राहिले असतील तर गळून त्यांनी स्प्रिंगा खाल्लेल्या असतात. रबरी बेल्टचा काळा चिखल झालेला असतो; तो स्पिरिटने पुसून नवा बेल्ट घालावा. ब्लूटूथची पट्टी बहुधा पाच व्होल्टवर चालते आणि टेप बारा-पंधरावर, तेव्हा मध्ये व्होल्टेज उतरवणारं सर्किट लागतं. एकाच पुरवठ्यावर दोन्ही चालवली की पुष्कळदा किरकिर घुसते. त्यावर पुरवठा वेगळा ठेवणारा छोटा कन्व्हर्टर मिळतो. फोनचा आवाज रेडिओ-टेप निवडणाऱ्या खटक्यापाशी, छोट्या कपॅसिटरमधून जोडावा. काही संचांना मागे बाहेरचा आवाज घेण्याचं भोक असतंच, तिथे सोल्डरिंगही लागत नाही. विजेच्या बाजूला २३० व्होल्ट असतात, म्हणून प्लग काढल्याशिवाय झाकण उघडू नये.

एवढं केलं तर पेटीचं काही बिघडत नाही. पण बरेच हौशी कॅसेटचं अख्खं यंत्रच उपटून काढतात आणि त्या जागी लिथियमची बॅटरी भरतात. मोटार, हेड, लाल बटण, सगळं भंगारात. मला ते पटत नाही. फोनचा आवाज ऐकायला शेकडो डबे मिळतात. घरातल्या डब्यात पडलेल्या कॅसेटी वाजवायला मात्र हेच यंत्र लागतं.

त्या वाजवताना हेडच्या बाजूचा बारीक स्क्रू किंचित फिरवावा लागतो, म्हणजे दबलेला आवाज उघडतो. वेगाचा प्रश्न त्याहून अवघड. कॅसेट सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटरने चालायला हवी. पण सेल उतरत आलेले असताना टेप केलेलं बोलणं नीट यंत्रावर घाईघाईचं ऐकू येतं. अनेक यंत्रांच्या मोटारीला मागे एक छोटं भोक असतं. त्यातून स्क्रूड्रायव्हरने वेग बदलता येतो. गाणं असेल तर सूर ओळखीचा असतो. बोलण्याचं काय करायचं?

आमच्या गावात एका तरुण मेकॅनिकने यावर एक उपाय केला. शेजारच्या खालांना त्याने टेपपाशी बसवलं, त्यांच्या मरहूम पतीची कुवेतहून आलेली कॅसेट लावली आणि मोटारीत स्क्रूड्रायव्हर घातला. खाला बराच वेळ मान हलवत राहिल्या. ते इतक्या घाईत बोलत नसत. आता फार जड, हे त्यांचे थोरले भाऊ वाटतात. मग एका जागी त्यांनी हात वर केला आणि पदर तोंडाला लावला. मेकॅनिकने तिथेच स्क्रूवर नेलपॉलिशचा ठिपका दिला, आणि नक्कल उतरवून घ्यायला सुरुवात केली.