गड चढतात ते पाय

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून नातू आला होता. कॉलेजात गेल्यापासून त्याला कडे चढण्याचा नाद लागला आहे. रविवार उजाडला की सह्याद्रीत, नाहीतर शहरातल्या कृत्रिम भिंतीवर. ओसरीत बसून त्याने मोजे काढले आणि मी दचकलोच. दोन्ही अंगठ्यांची नखे काळीनिळी पडलेली!

विचारले तर म्हणाला, "आजोबा, चढाईचे बूट दोन नंबर लहानच घ्यायचे असतात. दुखल्याशिवाय पकड येत नाही."

मी आयुष्यभर इतिहास शिकवला. ४ फेब्रुवारी १६७० ची सिंहगडाची रात्र तर दरवर्षी वर्गात रंगवून सांगितली. तानाजी, दोर, ढाल, तलवार, शेलारमामा, सगळे सांगितले. पण अंधारात चाचपडत कड्यातली खाच शोधणाऱ्या पायांबद्दल कधी एक वाक्य बोललो नाही. मुलांनीही विचारले नाही. गड घेतला तो हातांनी, असेच आपण धरून चालतो. चढतात मात्र पाय.

पायांची कदर माणसाला बहुधा नुकसान झाल्यावरच कळते. युरोपात पूर्वी गिर्यारोहक तळाला लोखंडी खिळे ठोकलेले जड बूट वापरत. १९३५ साली इटलीतल्या विताले ब्रामानी या गिर्यारोहकाचे सहा सोबती आल्प्समध्ये वादळात सापडून गेले. त्यांच्या पायांत त्या हवेला पुरे पडतील असे बूट नव्हते. ब्रामानीने ते मनाला लावून घेतले आणि १९३७ मध्ये खोल नक्षीचा रबरी तळ आणला. 'विब्रम' हे नाव त्याच्याच नावातून आले आहे. त्याच सुमारास फ्रान्समध्ये पिएर आलँ पॅरिसजवळच्या फाँतेनब्लोच्या खडकांवर गुळगुळीत रबरी तळाच्या हलक्या बुटांचे प्रयोग करत होता. आजच्या चढाईच्या बुटांचा तो पूर्वज. आपल्याकडची गडवेड्यांची एक अख्खी पिढी मात्र साध्या कॅनव्हासच्या हंटर बुटांवर सह्याद्री पालथा घालून आली.

म्हणजे नातू अगदीच चुकीचे बोलत नव्हता. बोटभर खाचेवर उभे राहायचे तर बुटात पोकळी चालत नाही. पण घट्ट बूट वेगळा आणि छळणारा बूट वेगळा.

मग मी त्याला अन्नपूर्णेची गोष्ट सांगितली. ३ जून १९५० रोजी मॉरिस एरझोग आणि लुई लाशनाल ८,०९१ मीटर उंचीच्या त्या शिखरावर पोहोचले. आठ हजार मीटरच्या वरचे शिखर माणसाने प्रथमच गाठले होते. वाटेत लाशनालला पाय बधिर होत असल्याची धास्ती वाटली. मी मागे फिरलो तर तू काय करशील, असे त्याने विचारले. एरझोग एकटाच पुढे जाणार होता. त्याला सोडवेना म्हणून लाशनालही गेला. पुढे हिमदंशाने दोघांच्याही पायांची सगळी बोटे गेली. एरझोगच्या तर हाताचीही बरीच. परतीच्या वाटेवर त्यांना हमालांच्या पाठीवरून आणावे लागले.

दुखणारा पाय बोलत असतो. गप्प झालेल्या पायाची भीती धरावी.

हे मी पुस्तकातून नाही शिकलो. कोजागरीला सोलापुराहून तुळजापूरला अनवाणी चालत जाणाऱ्यांची रीघ आमच्या भागाला नवी नाही. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरची वाट, आणि शेवटी बालाघाटाचा चढ. तरुणपणी मी अनेकदा चाललो. फोड यायचे, ठणकायचे, लोक तेल चोळायचे, आठवड्यात पाय बरा व्हायचा. निवृत्तीनंतर, मधुमेह असतानाही, हट्टाने पुन्हा चाललो. या वेळी काहीच दुखले नाही. आईची कृपा, असे मी सगळ्यांना सांगत होतो. तिसऱ्या दिवशी हिने चादरीवर रक्त पाहिले. मधुमेहाने तळव्याची संवेदनाच नेली होती. डाव्या पायाची करंगळी काढावी लागली. दोष देवीचा नाही, माझ्या गुर्मीचा.

नातू गप्प झाला. मग आम्ही दोघांनी मिळून नियम केले. नखे सरळ आणि आखूड कापायची. चढून खाली आले की बूट काढायचे. पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. बूट दिवसभर फिरून पाय थोडे फुगल्यावर, संध्याकाळी घ्यायचे. मुंग्या आल्या किंवा बोट बधिर झाले, तर कडा कितीही थोडा उरला असला तरी उतरायचे.

माझा नियम वेगळा, रोज रात्री तळवे बघायचे. पण आता वाकवत नाही. त्या रात्री नातवाने न सांगता माझा पाय मांडीवर घेतला आणि मोबाईलच्या उजेडात बोट न बोट तपासले. पुण्याला गेल्यापासून रोज रात्री फोन करून विचारतो, "आजोबा, पाय बघितलेत?"

मीही विचारतो, "तुझी नखं?"

परवा म्हणाला, एक नंबर मोठे बूट घेतलेत. आणि पकड? "आहे की," म्हणाला.