नाव लिहिण्याचं आणि नाव घेण्याचं



पांडुरंगाच्या कृपेने आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. या अंकात वारकऱ्यांच्या गावांची यादी छापायची ठरली, तेव्हा नावं कशी लिहायची यावर मंडळींत बरीच चर्चा झाली. आम्ही चौथी शिकलेले शेतकरी; शुद्धलेखन हा आमचा प्रांत नव्हे. पण कीर्तनाच्या निमित्ताने गावोगाव फिरलो, नावं कानांनी ऐकली. ती चार गोष्टींत मांडतो.

पहिलं आपल्या जिल्ह्याचंच घ्या. रत्नागिरी म्हणताना ‘ना’ लांब. इंग्रजी पाटीवर हा काना दिसत नाही, म्हणून बाहेरचा माणूस ‘रत्नगिरी’ वाचतो. तशी रत्नगिरी ओडिशात खरीच आहे, तिथे जुने बौद्ध विहार आहेत. इंग्रजी अक्षरांत दोन्ही गावं एकसारखी! ‘ळ’ तर त्या लिपीत नाहीच. मग चिपळूणचं चिपलुन होतं, दाभोळचं दाभोल आणि गणपतीपुळ्याचं गणपतीपुले.

पण मराठीत लिहिलं म्हणजे सगळं उमटतं, असंही नाही. चिपळूणचा ‘च’ आणि चाफे गावचा ‘च’ कागदावर एकच, तोंडात दोन. चाफ्याचा ‘च’ चमच्यातल्यासारखा. आंबा घाट चढल्यावर मलकापूर लागतं. मलकापूर, कोल्हापूर, पंढरपूर यांतला ‘पू’ दीर्घ लिहायचा, असं १९६२ सालच्या शुद्धलेखनाच्या नियमांत आहे. पण ‘पंढरपुरात’ म्हटलं की तोच ऱ्हस्व.

आता इतिहासातलं सांगतो. हर्णैच्या समुद्रातला सुवर्णदुर्ग १७५५ साली इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने आंग्र्यांकडून घेतला. त्यांच्या जिभेला सुवर्णदुर्ग जमेना, ते ‘सेव्हर्नड्रूग’ लिहीत. जेम्स वारल्यावर त्याच्या बायकोने त्याच्या आठवणीसाठी १७८४ साली लंडनमध्ये एका टेकडीवर बुरूज बांधला. त्याला हेच मोडकं नाव दिलं. तो बुरूज आजही उभा आहे. म्हणजे बघा, मोडलेलं नावसुद्धा दगडात टिकलं. आपल्या गावांची खरी नावं मात्र फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडात आहेत. ती माणसं गेली की पाटी तेवढी उरणार.

आपल्या दिंडीतली जुनी मंडळी चिपळून म्हणत, कोल्लापूर म्हणत, विठोबाला इठोबा म्हणत. शिकलेल्यांनी त्यांना हसावं असं त्यात काही नाही. ‘इठोबा’ म्हणून मारलेली हाक देवाने कधी परत धाडलेली नाही. आणि मुंबईत वाढलेला नातू पाटी वाचून ‘पुले’ म्हणाला, तर त्यालाही हसू नये. जवळ बसवून ‘पुळे’ म्हणायला लावावं. एकदा जिभेला वळण लागलं की जन्मभर राहतं.

यादीत नावं शाळेच्या पद्धतीनेच छापली आहेत, ते योग्यच आहे. पण आमची एक विनंती आहे. येत्या आषाढीला मुक्कामावर ही यादी मोठ्याने वाचावी, आणि ज्या गावाचं नाव येईल त्या गावच्या सर्वांत जुन्या वारकऱ्याने ते आपल्या तोंडाने घ्यावं. पोरांनी ते मागून म्हणावं, जसं कीर्तनात टाळकरी म्हणतात तसं. नाम असो की गावाचं नाव, ते घेत राहिलं तरच राहतं.

जय जय रामकृष्ण हरी.