कानातली लस

खरचटलेल्या गुडघ्यातून दुसऱ्या दिवशी पाझरतं ते ना रक्त, ना पू. आजी त्याला लस म्हणायची. दवाखान्यात दंडावर टोचतात तीही लसच, आणि शब्दही तोच. १४ जून १८०२ रोजी मुंबईत तीन वर्षांच्या अ‍ॅना डस्टहॉलला देवी टोचली, तेव्हा दंडात गेली ती खरोखर फोडातली लस होती. एकाच्या फोडातून काढायची, दुसऱ्याच्या दंडावर टोचायची. पुढे फोड गेले, कुप्या आल्या, नाव तेवढं टिकलं.

हिचं संस्कृत रूप 'लसीका'. चरकसंहितेत ती त्वचा, मांस आणि रक्त यांच्या पंगतीला बसते. आपल्या शरीरशास्त्रानं लिम्फसाठी हाच शब्द घेतला, म्हणून कानाच्या आत, अडीच वेढ्यांच्या शंखात, परिलसीका आणि अंतर्लसीका आल्या. एकीत सोडियम जास्त, दुसरीत पोटॅशियम. लॅटिन 'लिम्फा' म्हणजे नितळ पाणी; आपली लस चिकट. कानापुरतं मला लॅटिन जास्त खरं वाटतं. तिथे हवा कोंडलेली असते, असं शतकानुशतकं मानलं जाई. १७६०च्या सुमारास नेपल्सच्या डोमेनिको कोतुन्योनं तिथे पाणी असल्याचं दाखवलं.

जीव धास्तावला की मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतून कॉर्टिसॉल रक्तात उतरतं, आणि ते या परिलसीकेतही सापडतं. त्याच्या नावात 'कॉर्टेक्स' आहे, म्हणजे झाडाची साल. ग्रंथीच्या सालीत ते तयार होतं. 'हॉर्मोन' हा शब्द १९०५ साली लंडनमध्ये स्टार्लिंगनं वापरात आणला, चेतवणं या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून. आपल्या 'संप्रेरक'मध्ये 'ईर्' धातू आहे, हलवणारा, गती देणारा. 'समीर'मध्येही तोच. रक्तातून वाहणाऱ्या या द्रव्याचं वाऱ्याशी नातं आहे, हे कळल्यापासून तो शब्द मला रुक्ष वाटत नाही. न्यूरोट्रान्समीटरला मात्र मी सरळ निरोप्या म्हणेन: कानातल्या केसपेशीच्या तळाशी ग्लुटामेट सुटतं आणि ऐकलेलं मज्जातंतूच्या हवाली करतं.

राहिला 'ताण', जीव धास्तावतो तोच. तो 'तन्' धातूचा. गवयाची तानही त्याचीच, आणि ज्यातून इंग्रजी 'टोन' आला तो ग्रीक 'टोनोस'ही त्याच कुळातला: ओढून बसवलेली तार. शंखातल्या लसीकेत एक पातळ पडदा उलगडत गेलेला असतो, बुंध्याशी अरुंद नि ताठ, शेंड्याकडे रुंद नि सैल. तारसप्तक बुंध्याशी थरथरतं, खर्ज शेंड्याशी.