बावीस श्रुती, बारा पट्ट्या आणि आपली मंडळं

पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

आपल्या भोर-वेल्ह्यात (सरकारी कागदावर आता राजगड तालुका, पण तोंडात वेल्हेच येतं) पेटी नाही असं देऊळ शोधावं लागेल. हिरडस मावळ घ्या, वेळवंड खोरं घ्या, कानद खोरं घ्या. विठ्ठल-रखुमाईच्या नाहीतर भैरवनाथाच्या देवळात कोपऱ्यात एक लाकडी खोकं, त्यात पेटी, शेजारी पखवाज, खुंटीला टाळ. आणि जिथं पेटी तिथं वाद, हेही आलंच. बातमीदारी करताना मी एकाच गावात दोन भजनी मंडळं झालेली पाहिलीत. कारण विचाराल तर चाल. एका बुवांचं म्हणणं, अभंगाला सिनेमाची चाल लावली तर वारकरी परंपरा राहिली कुठं? दुसरे म्हणणार, तुमच्या रडक्या चालीला पोरं येतात का? इथपर्यंत ठीक. पण पुढचं वाक्य चालीबद्दल नसतं. ते बुवांच्या बापाबद्दल, भावकीबद्दल, मागल्या वर्गणीच्या हिशोबाबद्दल असतं. मग सप्ताह वेगळा, पंगत वेगळी, आणि ज्या पोरांसाठी भांडण झालं ती पोरं डीजेपुढं.

यावर उपदेश करायला मी कीर्तनकार नाही. पण हे भांडण फार जुनं आहे आणि आपल्यापेक्षा फार मोठी माणसं ते भांडलीत. त्यांनी ते कसं केलं, कुठं चुकले, ते सांगतो. कारण त्या भांडणाच्या मधोमध हीच आपली पेटी होती.

पेटी मूळची आपली नाही. हार्मोनियम फ्रान्समधून आली, पायानं भाता मारायची. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती मांडी घालून, एका हातानं भाता मारून वाजवता येईल अशी केली आणि ती गावोगाव पोचली. नाटक कंपन्यांनी घेतली, कीर्तनकारांनी घेतली, भजन्यांनी घेतली. पण तिच्यात एक खोट आहे आणि ती खरी आहे. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेकडं कान देऊन बसलात तर त्यातून गांधार आपोआप ऐकू येतो. पेटीचा गांधार त्याच्यापेक्षा किंचित चढा असतो. कारण पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेत आणि निसर्गानं तसे पाडलेले नाहीत. आपल्या जुन्या ग्रंथांत सप्तकात बावीस श्रुती सांगितल्यात. दरबारीचा गांधार आणि दुसऱ्या रागाचा कोमल गांधार एकाच पट्टीत कसा बसणार? शिवाय पेटीवर मींड निघत नाही. म्हणजे टीकाकार उगाच ओरडत नव्हते.

यावर पहिला मोठा खटाटोप झाला तो आपल्या शेजारीच. खंबाटकी चढून पलीकडं गेलं की सातारा. तिथं ई. क्लेमंट्स नावाचे इंग्रज जिल्हा न्यायाधीश होते, आणि सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर. देवलांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक काढलं. १९११ मध्ये साताऱ्यात एक फिलहार्मोनिक सोसायटी स्थापन झाली. या दोघांनी ठरवलं की बावीस श्रुती वाजतील अशी पेटीच बनवायची. बनवली सुद्धा.

आता गंमत बघा. देवलांनी श्रुती मोजल्या कशावरून? गळ्यावरून. आणि तो गळा होता उस्ताद अब्दुल करीम खाँ साहेबांचा. हिराबाई बडोदेकरांचे वडील, सवाई गंधर्वांचे गुरू, म्हणजे भीमसेनजींच्या गुरूंचे गुरू. खाँ साहेब गायचे, देवल तारेवर लांबी मोजायचे. सुशिक्षित माणसानं उस्तादासमोर बसून, त्याला प्रमाण मानून शास्त्र मांडायचं, हे त्या काळात साधं नव्हतं. गाणारा तो अडाणी आणि लिहिणारा तो शहाणा, अशी समजूत सगळीकडं होती.

त्या समजुतीला बळ देणाऱ्यांत एक फार मोठं नाव आहे, पंडित विष्णु नारायण भातखंडे. मी त्यांचा ऋणी आहे, गाणं ऐकणारा प्रत्येक मराठी माणूस आहे. मुंबईचे वकील, जन्म १८६०. वकिली सोडून देशभर हिंडले. दक्षिणेत गेले, कलकत्त्याला गेले, रामपूरच्या दरबारात गेले. उस्तादांच्या घरच्या चिजा मिळवल्या, काही फोनोग्राफवर घेतल्या, आणि क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत छापून टाकल्या. दहा थाट त्यांचे. त्यांनी हे केलं नसतं तर कितीतरी बंदिशी उस्तादांबरोबर मातीत गेल्या असत्या.

पण याच भातखंड्यांचं 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' उघडा. मराठीत आहे, गुरु-शिष्यांच्या संवादासारखं लिहिलंय, वाचायला मजा येते. त्यात ते प्रवासात भेटलेल्या गवयांच्या, पंडितांच्या मुलाखती सांगतात. शास्त्र विचारलं तर कसे गडबडले, श्रुती दाखवा म्हटल्यावर कशी सारवासारव केली, ग्रंथ न वाचता ग्रंथाचं नाव कसं घेतलं. चिमटे जबर आहेत. हिंदू पंडितांनाही त्यांनी सोडलेलं नाही. नावं मात्र पुष्कळदा घेत नाहीत.

नाव न घेणं ही सभ्यता समजली जाते. आपल्याकडंही भाषणात "काही लोक" म्हणायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. नाव घेऊन टीका केली तर ती एका माणसावर होते, तो उत्तर देऊ शकतो. नाव गाळलं की ती सगळ्या जमातीवर जाते. भातखंड्यांच्या वाचकाच्या मनात "अमुक खाँ साहेबांना हे सांगता आलं नाही" असं राहत नाही, "खाँ साहेब लोकांना शास्त्र येत नाही" असं राहतं. आणि त्यातल्या बहुतेकांना मराठी वाचता येत नव्हतं. ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला ते कळायची सोयच नव्हती. भातखंड्यांच्या मोठेपणातली ही खोट मला पेटीच्या गांधारासारखी वाटते. थोडीशीच, पण कान असेल तर खुपते.

१९१६ च्या मार्चमध्ये बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखाली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. पुढाकार भातखंड्यांचा. तिथं देवल-क्लेमंट्स यांची श्रुती-पेटी मांडली गेली आणि जे झालं ते मला अजून आवडतं. नुसता निषेधाचा ठराव नाही झाला. झाकिरुद्दीन खाँ साहेबांसारखे धृपदिये तिथं होते. त्यांच्या गळ्याशी पेटी ताडून पाहिली, भरल्या सभेत. आणि कौल पेटीच्या विरुद्ध गेला. देवलांना वाईट वाटलं असणार, वर्षांची मेहनत होती. पण त्यांना कुणी 'तुमची लायकी काय' असं विचारून घालवलं नाही. पेटी वाजली, गळा वाजला, लोकांनी ऐकलं.

याच्यातला पेच पण लक्षात घ्या. देवलांच्या बाजूला एका उस्तादाचा गळा, परिषदेच्या बाजूला दुसऱ्या उस्तादांचे गळे. शास्त्राचा निवाडा शेवटी त्याच लोकांच्या गळ्यानं झाला ज्यांना शास्त्र येत नाही म्हणून हिणवलं होतं. भातखंड्यांना हे जाणवलं असेल का, मला नेहमी प्रश्न पडतो.

दुसरे विष्णु म्हणजे पलुस्कर. कुरुंदवाडचे, १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. यांची स्वरलिपी वेगळी, भातखंड्यांची वेगळी. शिष्यांच्या दोन पिढ्या यावर भांडल्या. आज भोरमधली पोरं गांधर्व मंडळाच्या परीक्षेला बसतात तेव्हा वरच्या परीक्षांना दोन्ही लिप्यांची तुलना लिहावी लागते. एवढ्या मोठ्या भांडणाचा शेवट प्रश्नपत्रिकेतला एक प्रश्न. असो.

पेटीकडं परत येतो, कारण पुढं जे झालं ते बडोद्यासारखं झालं नाही. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओनं हार्मोनियम बंद केली. रेडिओतले इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स यांनी तिच्याविरुद्ध लिहिलं होतं, रवींद्रनाथांनाही ती नको होती. मुद्दे तेच, चढा गांधार आणि नसलेली मींड. मुद्दे बरोबरच होते म्हणा ना. पण इथं कुणी गळा आणि पेटी समोरासमोर बसवली नाही. वरून आदेश आला. ज्याचं पोट पेटीवर होतं त्या साथीदाराला विचारलं कुणी? स्वातंत्र्य मिळालं, इंग्रज गेले, बंदी राहिली. १९७१ मध्ये ती उठली तीही अर्धवट, साथीपुरती. एकतीस वर्षं. याच काळात पु. ल. देशपांडे आकाशवाणीत नोकरीला होते, आणि पु.लं.ची पेटी कशी होती हे मी सांगायला नको. ज्या घरात नोकरी त्या घरात आपल्या वाद्याला मज्जाव! पुढं २०१६ मध्ये पंडित तुळशीदास बोरकरांना पेटीसाठी पद्मश्री मिळाली. त्याच सरकारकडून.

आणि या एकतीस वर्षांत आपल्या खोऱ्यांतल्या देवळांत काय चाललं होतं? पेटी वाजत होती. वेळवंड खोऱ्यातल्या बुवाला दिल्लीची बंदी माहीतही नसेल. टीकेमागं अधिकार होता, पण ती ज्याच्यापर्यंत पोचायला हवी त्याच्यापर्यंत कुणी नेली नाही. कुणी एखादा जाणकार येऊन देवळात बसला असता, तंबोरा लावून म्हणाला असता, "बुवा, हा गांधार ऐका आणि आपला ऐका", तर बुवांनी ऐकलं असतं. आपली माणसं सुराच्या बाबतीत हट्टी नाहीत. मानाच्या बाबतीत आहेत.

मानावरून एक गोष्ट आठवते, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९२१ साल. बालगंधर्व आणि केशवराव भोसले, दोघांच्या दोन कंपन्या, गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श. चाहत्यांचे तट इतके कडवे की एकाला चांगलं म्हटलं की दुसऱ्याची माणसं तुटून पडायची. त्यात टिळक स्वराज्य फंडासाठी दोघांनी एकत्र 'मानापमान' करायचं ठरलं. नाटकाचं नाव बघा! ८ जुलै १९२१, मुंबईचं बालीवाला थिएटर. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव. लोक गाणं ऐकायला आले तसेच कोण कुणाला खातो हे बघायलाही आले. एका प्रयोगाला साडेसोळा हजारांच्या आसपास रक्कम जमली, त्या काळातले साडेसोळा हजार. कोण जिंकलं यावर नंतर कितीही वाद झाले असतील, पण रंगमंचावर ते दोघं एकमेकांच्या जागा राखून गायले, म्हणून तर तो प्रयोग शंभर वर्षांनंतरही सांगितला जातो. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले. एकतीस वर्षांचं वय. चाहते भांडत बसले असते आणि ते दोघं मान धरून बसले असते, तर ती रात्र झालीच नसती, आणि पुढच्या वर्षी करू म्हणायलाही कुणी उरलं नसतं.

आपल्याकडं तर समोरासमोर भांडायची रीतच होती. कलगी-तुऱ्याचे शाहीर घ्या. तुरेवाले शिवाला थोर म्हणणार, कलगीवाले शक्तीला. एकानं कोडं घालायचं, दुसऱ्यानं तिथल्या तिथं गाऊन सोडवायचं. टोमणे असायचे, कडक असायचे, पण ते डफावर, वृत्तात, सगळ्या गावासमोर. मागं पारावर बसून कुजबुजायचं काम नाही. उत्तर आलं नाही तर सगळ्या गावाला दिसायचं, आणि चांगलं आलं तर समोरच्या फडातूनही दाद जायची. बारीच्या भजनातही थोडं हेच आहे. एक मंडळ एक चाल घेतं, दुसरं तिला उत्तर देतं. ती रीत जिथं टिकलीय त्या गावात मंडळं कमी फुटलीत, हे माझं निरीक्षण आहे, आकडेवारी नाही.

एक काम आहे, त्यात मदत हवी. जुन्या भजनी बुवांच्या वह्या असायच्या. शाईनं लिहिलेले अभंग, बाजूला चालीची खूण, कधी "ही चाल अमक्या गावच्या बुवांची" अशी नोंद. समोरच्या मंडळाची चाल आवडली तर ती लिहून घ्यायची आणि नावही टाकायचं, असा तो प्रकार. अशा वह्या कुणाच्या घरी ट्रंकेत, माळ्यावर असतील तर कृपया कळवा. वही मागणार नाही, घरी येऊन फोटो काढून घेईन. उंदीर आणि वाळवी दोघं माझ्या आधी पोचू नयेत एवढंच.

दोन्ही मंडळांच्या वह्या चालतील.