वकील टॉनी आणि न्यायमूर्ती टॉनी

आपल्या समाजातील एखादी व्यक्ती मोठ्या पदावर पोहोचली की आपली मान ताठ होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कॅथलिक सरन्यायाधीश रॉजर ब्रुक टॉनी यांच्याविषयी मात्र असा निर्भेळ अभिमान आम्हाला वाटत नाही. म्हणूनच त्यांचे चरित्र येथे सांगावेसे वाटते.

टॉनी यांचा जन्म १७ मार्च १७७७ रोजी मेरीलँड राज्यात, तंबाखूचे मळे असलेल्या कुटुंबात झाला. त्या प्रांतात १७१८ पासून कॅथलिकांना मताधिकार नव्हता. सरकारी पदांची व वकिलीची दारेही त्यांना बंद होती. १७७६ च्या राज्यघटनेने ही बंधने उठली. वडिलांच्या पिढीने जे भोगले, त्यातून मुलगा जेमतेम एका वर्षाच्या अंतराने सुटला.

१७९९ साली ते वकील झाले व त्याच वर्षी राज्याच्या विधिमंडळावर निवडून गेले. १८१६ ते १८२१ या काळात ते राज्याच्या सिनेटचे सदस्य होते. याच सुमारास जेकब ग्रूबर या मेथडिस्ट धर्मोपदेशकाने प्रवचनात गुलामगिरीचा निषेध केला आणि गुलामांना चिथावल्याबद्दल त्यांच्यावर खटला भरला गेला. १८१९ साली टॉनी यांनी त्यांचा बचाव केला. गुलामगिरी हा राष्ट्राच्या चारित्र्यावरील कलंक असून तो क्रमाक्रमाने पुसला जावा, अशीच प्रत्येक स्वातंत्र्यप्रेमी माणसाची आशा आहे, असे त्यांनी न्यायालयात सांगितले. ग्रूबर निर्दोष सुटले. टॉनी यांनी स्वतःचे गुलामही मुक्त केले आणि त्यांतील वृद्धांना निर्वाहवेतन दिले.

१८२७ साली ते मेरीलँडचे महाधिवक्ता झाले, तर १८३१ मध्ये राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्या मंत्रिमंडळात अ‍ॅटर्नी जनरल. त्या वेळी दक्षिण कॅरोलायनात बंदराला लागलेल्या जहाजांवरील स्वतंत्र कृष्णवर्णीय खलाशांना तुरुंगात ठेवण्याचा कायदा होता. १८३२ साली त्याविषयी मत देताना सरकारी वकील टॉनी यांनी लिहिले की, कृष्णवर्णीयांना ज्या सवलती मिळतात त्या दयाबुद्धीने मिळतात, हक्क म्हणून नव्हे.

या एका वाक्यात त्यांच्या आयुष्याचे कोडे उलगडते, असे आम्हाला वाटते. आपल्या गुलामांवर त्यांनी दया केली होती. त्यांचा हक्क मात्र कधी मानला नव्हता.

१८३६ साली ते सरन्यायाधीश झाले. तीन वर्षांनी पोप सोळावे ग्रेगरी यांनी गुलामांच्या व्यापाराचा कडक निषेध केला. तरी ६ मार्च १८५७ रोजी ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यात टॉनी यांनी जुनेच मत निकाल म्हणून दिले. गुलामगिरीला बंदी असलेल्या प्रदेशात राहिल्यामुळे आपण मुक्त झालो, असे स्कॉट यांचे म्हणणे होते. कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही आणि अशी बंदी घालण्याचा काँग्रेसला अधिकार नाही, असे टॉनी यांनी ठरवले. सात विरुद्ध दोन असा तो निकाल होता. राज्यघटना मंजूर झाली तेव्हा पाच राज्यांत स्वतंत्र कृष्णवर्णीयांना मताधिकार होता, हे न्यायमूर्ती कर्टिस यांनी विरोधी निकालपत्रात दाखवून दिले. पण त्याचा उपयोग झाला नाही.

टॉनी १२ ऑक्टोबर १८६४ रोजी निवर्तले. १८६५ च्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली आणि १८६८ च्या दुरुस्तीने अमेरिकेत जन्मलेल्या कृष्णवर्णीयांना नागरिकत्व मिळाले. २०१७ साली मेरीलँडच्या विधानभवनासमोरील टॉनी यांचा पुतळा हलवण्यात आला. त्याच वर्षीच्या ६ मार्चला, तो पुतळा अजून तेथे उभा असताना, टॉनी घराण्यातील एका वंशजाने स्कॉट यांच्या वंशजांची जाहीर क्षमा मागितली व ती स्वीकारली गेली.

ज्या समाजाला कायद्याने एकेकाळी दाराबाहेर ठेवले होते, त्याच समाजातील एका विद्वानाने दुसऱ्यांसाठी तेच दार लावून घेतले. आपणही अल्पसंख्य आहोत; आपल्याला हवे असतात ते हक्क, कोणाची मेहेरबानी नव्हे. दुबळ्यांसाठी दानपेटीत पैसे टाकताना आपण त्यांचा हक्कही मानतो का, हे प्रत्येक कुटुंबाने स्वतःला विचारावे.