मांडी घालता येणारा पाय

पाय गमावलेल्या माणसाला कृत्रिम पाय बसवून द्यावा, तो चालत घरी जावा आणि पुढच्या खेपेला पुन्हा कुबड्या घेऊनच यावा. जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयातले अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी यांना १९६०च्या दशकात हे वारंवार दिसत होतं. पाय मोडका नव्हता. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठात तयार झालेला ‘सॅक’ पाय त्या काळी उत्तम समजला जाई. टाचेला मऊ गादी, आत लाकडी कणा आणि ताठ घोटा. बुटात घालून सपाट रस्त्यावर चालायला आणि खुर्चीवर बसायला तो सोयीचा होता. पण राजस्थानातला शेतकरी अनवाणी रानात जाई, जेवायला मांडी घाली, उकिडवा बसे, देवळात जाताना पायातलं बाहेर काढून ठेवी. ही सगळी कामं त्या पायानं अडवली होती. बूट काढला तर तो पायासारखा दिसतही नसे. सेठींनी दोष रुग्णाला दिला नाही, पायाला दिला. मला वाटतं, या शोधातलं सगळ्यात मोठं पाऊल हेच.

दुसरं पाऊल रामचंद्र शर्मा यांचं. सगळे त्यांना मास्टरजी म्हणत. शालेय शिक्षण फारसं नाही, पण हातात विलक्षण कसब. रुग्णांना हस्तकला शिकवायला ते रुग्णालयात येत. दोघांनी बरेच प्रयोग केले, पण अंगाचा भार पेलणारा आणि तरी वाकणारा पाय काही जमेना. मग १९६८च्या सुमाराची एक हकिगत सांगतात. रुग्णालयात येताना मास्टरजींच्या सायकलचं चाक पंक्चर झालं. दुरुस्तीच्या दुकानात ट्रकचा टायर रिमोल्ड करणं चाललं होतं. खडबडीत रस्त्यावर मालाचं ओझं वाहणारं रबर डोळ्यांसमोर होतं आणि ते साच्यात घालून, उष्णता आणि दाब देऊन कसं घडवतात तेही दिसत होतं. मास्टरजी पायाचा साचा घेऊन तिथे परतले. दुकानदारानं या कामाचे पैसे घेतले नाहीत, असंही सांगतात.

त्यातून तयार झालेला ‘जयपूर पाय’ आतून पाहण्यासारखा आहे. टाच आणि चवडा स्पंजासारख्या रबराचे, घोट्याशी लाकडी ठोकळा. हे तीन तुकडे टायरच्या दोऱ्यांच्या पट्ट्यांनी बांधायचे, वरून कातडीच्या रंगाचं रबर चढवायचं आणि सगळं साच्यात भाजून एकजीव करायचं. सॅक पायाचा ताठ कणा पुढे चवड्यापर्यंत जाई आणि तिथेच हालचाल अडे. इथे लाकूड घोट्याशीच संपलं. त्यामुळे पाऊल वर झुकतं, म्हणून उकिडवं बसता येतं. ते आत वळतं, म्हणून मांडी घालता येते. बांधावरून चालताना ते जमिनीच्या चढउताराप्रमाणे कलतं. बोटंही खऱ्या पायासारखी घडवलेली, म्हणून बूट लागत नाही, आणि रबर पाण्याला भीत नाही. घोट्यावरचा नळा सुरुवातीला स्थानिक कारागीर ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून बनवत.

एवढं होऊनही पहिल्या सात वर्षांत हा पाय जेमतेम ५९ जणांपर्यंत पोचला. वस्तू चांगली असली, स्वस्त असली, म्हणून ती गरिबाच्या दारात आपोआप जात नाही. रोजंदारी बुडवून शहरात यायचं, राहायचं कुठे, खायचं काय, पुन्हा मापाला यायचं भाडं कुणी द्यायचं? ही अडचण सनदी अधिकारी देवेंद्र राज मेहता यांनी हाती घेतली. स्वतःच्या अपघातात त्यांचा पाय जेमतेम वाचला होता. महावीरांच्या अडीच हजाराव्या निर्वाण वर्षात, १९७५ साली, त्यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली. वेळ ठरवून येण्याची अट नाही, राहणं-जेवण तिथेच आणि पाय मोफत. पुढे ॲल्युमिनियमच्या जागी शेतात पाण्यासाठी वापरतात तसला एचडीपीई पाइप आला. उरलेल्या पायाचं प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये माप घ्यायचं, तापवून मऊ केलेला पाइप त्या साच्यावर ओढायचा, आतली हवा शोषून तो घट्ट बसवायचा आणि खाली पाऊल जोडायचं. त्यामुळे बरेच जण आल्या दिवशीच चालत परत जाऊ लागले. सी. के. प्रल्हाद यांनी व्यवसायशास्त्रावरच्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात याच पद्धतीचा अभ्यास घेतला. त्यांना पायाइतकीच ही व्यवस्थाही महत्त्वाची वाटली, ते योग्यच होतं.

मुंबईकर नृत्यांगना सुधा चंद्रन १९८१च्या अपघातात पाय गमावूनही जयपूर पायावर पुन्हा नाचल्या आणि त्याचं नाव घरोघरी गेलं. १९८१ सालीच डॉ. सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तो त्यांचा हक्कच होता, पण मास्टरजींना तसा मान मिळाला नाही याचं वाईट वाटतं. साचा ज्याच्या हातातून उतरला त्याचं नाव कायम डॉक्टरांच्या नावामागून आलं.

या पायाचं पेटंट कुणी घेतलं नाही. म्हणून भूसुरुंगांनी पोळलेल्या अफगाणिस्तानासारख्या देशांतही तो पोचला. त्याच मोकळिकीमुळे प्रत्येक कार्यशाळेतला पाय सारखा उतरत नाही. रबराचा कस आणि कारागिराचा हात बदलला की वजन आणि टिकाऊपणाही बदलतो. गुडघ्याच्या वर पाय तुटलेल्यांची अडचण तर वेगळीच होती. त्यांच्यासाठी समितीनं अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या अभियंत्यांबरोबर प्लास्टिकचा स्वस्त गुडघा तयार करून घेतला.